वाचकांचे प्रश्न : महाग शहर सोडून अमेरिकेतील लहान गावात

या महिन्यातील पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. मराठवाड्यातून अमेरिकेत गेलेली मुले आता कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क ही महाग ठिकाणे सोडून मिडवेस्टमधील लहान गावांत घर घेण्याचा विचार करू लागली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना त्याची चिंता वाटते. मिडवेस्टमध्ये ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, मिसूरी, नेब्रास्का, कॅन्सस आणि दोन्ही डकोटा अशी बारा राज्ये धरली जातात. मका आणि सोयाबीन यांचा हा मुलूख आहे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव ठरताना शिकागोच्या ज्या बाजाराकडे लक्ष ठेवले जाते, तो याच भागातला. मी त्या भागातील एका लहान गावात काही वर्षे संसार केला आहे आणि तिथल्या माणसांविषयी माझ्या मनात जिव्हाळा आहे, हे वाचकांनी उत्तरे वाचताना लक्षात ठेवावे.

पत्र पहिले

*माझा मुलगा आणि सून कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतात. मुलगा संगणक क्षेत्रात असून एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, प्रक्रियेतील कंपनीने त्याच्यासाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे, परंतु पुढची रांग फार लांब आहे असे तो सांगतो. सूनही नोकरी करते. दोन बेडरूमच्या घराला ते महिन्याला साडेतीन हजार डॉलर भाडे देतात. कंपनीने घरून काम करण्यास होकार दिल्यामुळे आता त्यांनी आयोवा राज्यातील दहा हजार वस्तीच्या गावात दोन लाख डॉलरचे घर पाहिले आहे. नातू सहा वर्षांचा आहे. आमच्याकडील लोक विचारतात की एवढे शिकून मुलगा पुन्हा खेड्यात कसा चालला. त्यांना मी काय सांगावे? माझ्याकडे पाच एकर जमीन आहे, तिच्यातील थोडी विकून त्याला हातभार लावावा काय? आणि आम्ही दोघे अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन राहतो, तेव्हा अशा गावात आमचा निभाव लागेल काय?*
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

गुरुजी, आपल्या तीनही प्रश्नांची उत्तरे देते, परंतु त्याआधी मुलाच्या व्हिसाविषयी लिहिणे भाग आहे, कारण घराचा सारा हिशेब त्यावर उभा आहे.

एच-१बी व्हिसा हा विशिष्ट कंपनीशी जोडलेला असतो, तसाच तो कामाच्या विशिष्ट ठिकाणाशीही जोडलेला असतो. ज्या महानगर क्षेत्रासाठी कंपनीने अर्ज केला, त्याच्या बाहेर कामाचे ठिकाण गेले तर कंपनीला नव्या ठिकाणासाठी श्रम खात्याकडून मंजुरी घेऊन सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. २०१५ मधील एका निर्णयाने ही बाब स्पष्ट झाली आहे. स्वतःच्या घरून काम करायचे असेल तर ते घरच कामाचे ठिकाण ठरते. त्यामुळे वरिष्ठांनी तोंडी दिलेला होकार पुरेसा नाही. कंपनीच्या वकिलाने सुधारित अर्ज दाखल केल्याची पावती हाती आल्याशिवाय मुलाने सामान हलवू नये. ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेचा पहिला टप्पाही कामाच्या ठिकाणाशी निगडित असतो, म्हणून तो कदाचित पुन्हा करावा लागेल. मात्र आय-१४० एकदा मंजूर झाला असल्यामुळे रांगेतील त्याची तारीख सहसा कायम राहते, ही दिलाशाची गोष्ट आहे. सूनबाई स्वतःच्या एच-१बीवर असतील तर हे सर्व त्यांनाही लागू आहे. त्या एच-४ या, एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावरील कामाच्या परवान्यावर असतील तर त्यांना ठिकाण बदलण्यास मोकळीक आहे, परंतु त्यांचा परवाना मुलाच्या व्हिसावर अवलंबून राहील.

आता याहून गंभीर बाब. एच-१बीवरील माणसाची नोकरी गेली तर त्याला दुसरी कंपनी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सॅन होजेत असताना तासाभराच्या अंतरावर शेकडो कंपन्या आहेत, त्यामुळे हे ६० दिवस कमी असले तरी अशक्य नाहीत. आयोवातील दहा हजारांच्या गावात नोकरी देणारे म्हणजे शाळा, रुग्णालय, धान्याचे सायलो, एखादा कारखाना आणि काही दुकाने एवढेच असते. न्यूटन नावाचे आयोवातील गाव मेटॅग कंपनीच्या कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी अमेरिकाभर प्रसिद्ध होते. २००६ मध्ये ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली, २००७ मध्ये कारखाना बंद झाला आणि पिढ्यान्पिढ्या त्याच कारखान्यात काम केलेल्या कुटुंबांना घर ठेवावे की गाव सोडावे असा प्रश्न पडला. ते तर तिथले नागरिक होते. परदेशी व्हिसावरील माणसाला मुदतीचे बंधन असते आणि लहान गावात घाईने घर विकायला काढले तर गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. आपल्याकडे प्लॉट घेण्याआधी माणूस बोअरला पाणी किती आहे ते विचारतो, त्याप्रमाणे तिथे घर घेण्याआधी ही नोकरी गेली तर दुसरी कोठून येईल हे विचारले पाहिजे.

याचे उत्तर दोन प्रकारे समाधानकारक असू शकते. मुलाचे कौशल्य असे असेल की दुसरी कंपनीही त्याला दूरवरून काम करू देईल, आणि त्याने तशा दोन-तीन कंपन्यांशी प्रत्यक्ष बोलून खात्री केली असेल, तर ठीक. किंवा ते गाव डे मॉइन, सीडर रॅपिड्स, आयोवा सिटी अशा शहरापासून पाऊण तासाच्या आत असेल, तर तिथे विमा, आरोग्य, विद्यापीठ आणि यंत्रनिर्मिती या क्षेत्रांत संगणकाची कामे मिळतात. दोन्हींपैकी एकही नसेल तर माझे मत असे की ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत त्या गावात घर घेऊ नये. हवे तर तिथे भाड्याने राहावे.

पगाराविषयीही आधीच लेखी विचारून घ्यावे. अनेक कंपन्या कर्मचारी स्वस्त भागात गेला की त्याचा पगार त्या भागाप्रमाणे कमी करतात आणि ही कपात कधी कधी घरभाड्यात वाचलेल्या रकमेचा मोठा हिस्सा खाऊन टाकते.

एवढे जमले तर पैशांचा हिशेब खरोखरच आकर्षक आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. कॅलिफोर्नियात मध्यम प्रतीच्या घराची किंमत आठ लाख डॉलरच्या वर गेली आहे आणि सॅन होजेच्या परिसरात ती त्याच्या जवळपास दुप्पट आहे. आयोवात दोन लाखांत तीन बेडरूम, तळघर आणि अंगण असलेले घर मिळते. २० टक्के म्हणजे ४० हजार डॉलर स्वतःचे घातले आणि उरलेल्या १ लाख ६० हजारांचे साडेसहा टक्के दराने ३० वर्षांचे कर्ज घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,०१० डॉलर होतो. मालमत्ता कर किमतीच्या साधारण दीड टक्का धरला तर त्याचे महिन्याला २५० डॉलर आणि विम्याचे आणखी दोनशेच्या आसपास जातील. साडेतीन हजारांच्या भाड्याच्या जागी दीड हजारांत स्वतःचे घर होते. कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर उत्पन्नाप्रमाणे चढत जाऊन वरच्या टोकाला १३.३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो, तर आयोवाने २०२५ पासून सरसकट ३.८ टक्के दर ठेवला आहे. शेजारच्या इलिनॉय राज्यात घर पाहायचे झाले तर मात्र तिथला मालमत्ता कर देशातील सर्वांत चढ्या दरांपैकी आहे, हे विसरू नये. कर्जाबाबत आणखी एक सूचना. सरकारी हमीचे एफएचए कर्ज मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्या व्हिसाधारकांना मिळत नाही, त्यामुळे बँकेचे साधारण कर्जच पाहावे लागेल.

याच्या समोर जे खर्च उभे राहतात ते शहरातून जाणाऱ्याच्या ध्यानात येत नाहीत. बस नसल्यामुळे दोघांना दोन गाड्या लागतात. हिवाळा नोव्हेंबर ते मार्च चालतो, जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्या आसपास असतो आणि थंडीची लाट आली की उणे पंचविसापर्यंत उतरतो. त्यामुळे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे वय, छप्पर आणि खिडक्या यांची तपासणी घर घेण्याआधी झालीच पाहिजे. जमिनीतून निघणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू तळघरात साठतो. त्याच्या जोखमीच्या दृष्टीने आयोवाच्या सर्व ९९ काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, सर्वांत वरच्या गटात मोडतात. त्याची चाचणी स्वस्त असते आणि तो बाहेर काढण्याची नळी-पंख्याची व्यवस्थाही एक-दोन हजार डॉलरमध्ये होते, परंतु ती करायला हवी. वादळांचा धोकाही आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या वादळात सीडर रॅपिड्स परिसरात वाऱ्याचा वेग काही ठिकाणी ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे गेला होता आणि हजारो घरांची छपरे व झाडे पडली. गारांनी छप्पर खराब झाल्यास विमा किती देतो, हा प्रश्न तिथे प्रत्येक घरमालक विचारतो. इंटरनेटचा वेग गावाच्या नव्हे तर नेमक्या त्या घराच्या पत्त्यावर तपासावा. सीडर फॉल्ससारख्या गावाने स्वतःच्या पालिका सेवेतून २०१३ मध्येच गिगाबिट म्हणजे अतिवेगवान जोडणी दिली, आणि त्याच राज्यात गावाबाहेरची काही घरे अजून चांगल्या जोडणीविना आहेत. घरून काम करणाऱ्याच्या पोटापाण्याचा तो प्रश्न आहे.

म्हणून माझा आग्रह असा की त्यांनी आधी त्या गावात भाड्याने राहावे आणि त्या मुक्कामात एक संपूर्ण हिवाळा यावा. मे महिन्यात घर पाहायला गेलेल्या माणसाला ते गाव फार सुंदर दिसते आणि ते खरेच सुंदर असते. पण जानेवारीत पाच वाजता अंधार पडू लागला, रस्त्यावर बर्फ आहे आणि सूनबाईंना आठवड्यात घराबाहेर कोणी भेटले नाही, अशा दिवसांतही दोघांना तिथे राहावेसे वाटले तर मग घर घ्यावे.

आता आपले प्रश्न. लोकांना काय सांगावे, असे आपण विचारता. आयोवातच ग्रिनेल नावाचे दहा हजारांहून कमी वस्तीचे गाव आहे. तिथे वाढलेला आणि तिथल्याच ग्रिनेल महाविद्यालयातून १९४९ मध्ये पदवी घेतलेला रॉबर्ट नॉइस पुढे कॅलिफोर्नियात गेला आणि १९६८ मध्ये इंटेल या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक झाला. ज्या सिलिकॉन व्हॅलीचे नाव आपल्याकडील लोक घेतात, ती घडवणाऱ्या पहिल्या फळीतला माणूस अशाच गावच्या शाळेत शिकला होता. तिथल्या लहान गावांत पक्के रस्ते, चोवीस तास पाणी, बारावीपर्यंत मोफत सरकारी शाळा आणि सार्वजनिक वाचनालय ही साधारण गोष्ट आहे. एकट्या आयोवात अँड्रू कार्नेगी यांच्या देणगीतून शंभराच्या आसपास वाचनालये उभी राहिली आणि त्यांतील कितीतरी आजही चालू आहेत. नातवाला तिथे वर्गात कमी मुले, ओळखीचे शिक्षक आणि खेळायला अंगण मिळेल. त्याच्या वर्गात भारतीय मूल बहुधा तो एकटाच असेल, याची तयारी मात्र आईवडिलांनी आधी करावी. शाळा पाहायला जाताना मुख्याध्यापकांशी त्याविषयी सरळ बोलावे, ती माणसे ऐकून घेतात.

जमिनीविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे, ती विकू नये. ४० हजार डॉलर उभे करणे सॅन होजेत दोन पगार असलेल्या जोडप्याला दोन-तीन वर्षांत शक्य आहे, आणि तेवढे त्यांना जमत नसेल तर त्यांनी घर घेण्याची घाई करू नये. आपली जमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराच्या बाहेर असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, असे आपल्याला कोणीतरी सांगितले असेल आणि ते खरेही आहे. परंतु पुढे ती रक्कम परदेशी पाठवताना वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. तो आयकर विवरणपत्रात समायोजित होतो, तोपर्यंत पैसा अडकतो. याहून मोठे कारण असे की मुलाचा व्हिसा अजून तात्पुरता आहे. उद्या त्याला परत यावे लागले तर त्याच्या पाठीशी उभी राहणारी एकमेव पक्की मालमत्ता ती जमीन आहे.

आपल्या राहण्याबद्दल मला खरी काळजी वाटते. सॅन होजेत आपण सकाळी बागेत चालत गेलात तर दोन मराठी आजी-आजोबा भेटत असतील. आयोवातील गावात गाडी चालवता न येणारा माणूस घरातच राहतो. किराणा दुकानही चालत जाण्यासारखे नसते आणि हिवाळ्यात निसरड्या बर्फावर पडून हाड मोडण्याची भीती असते. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येते, तेव्हा ते मे ते ऑक्टोबर असे ठरवावे. प्रवास मुंबई किंवा हैदराबादहून शिकागोपर्यंत आणि तिथून गाडीने पाच तास असा होईल, म्हणून शिकागोत एक रात्र मुक्काम ठेवावा. प्रवासी विमा जुन्या आजारांचा खर्च सहसा देत नाही, हे विसरू नये. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे आपल्याला तज्ज्ञ डॉक्टर गावातच मिळण्याची सवय आहे. तिथल्या लहान गावांतील रुग्णालये पुष्कळदा २५ खाटांपर्यंतची असतात, तिथे तातडीचे उपचार होतात आणि हृदयविकारासारख्या गोष्टीसाठी मोठ्या शहरात हलवतात. आपणा दोघांपैकी कोणाला मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर मुलाने घर निवडताना मोठ्या रुग्णालयापर्यंतचे अंतर हा घराच्या किमतीइतकाच महत्त्वाचा मुद्दा धरावा, आणि हे आपण संकोच न करता त्याला सांगावे.

पत्र दुसरे

*माझा पुतण्या न्यू जर्सीत आहे. ओहायोत चाळीस-पन्नास हजार डॉलरला जुनी घरे मिळतात, त्यांतली चार घेऊन एकात स्वतः राहावे आणि तीन भाड्याने द्यावीत असा त्याचा बेत आहे. मी भागीदार व्हावे असे तो म्हणतो. आपले मत कळवावे.*
— एक अडत व्यापारी, लातूर

भागीदार होऊ नये, असे माझे मत आहे. मोंढ्यात एखादा माल इतरांच्या निम्म्या भावाने येतो तेव्हा आपण आधी तो का स्वस्त आहे ते पाहता, इथेही तेच पाहावे. ओहायोतील यंगस्टाउन हे पोलादाचे शहर. १९५० मध्ये तिथे १ लाख ६८ हजार लोक राहत होते. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या मोठ्या पोलाद कारखान्याने टाळे लावण्याची घोषणा केली, मागोमाग इतरही बंद झाले आणि २०२० च्या जनगणनेत वस्ती साठ हजारांवर आली. माणसे गेली आणि घरे राहिली, म्हणून घर पन्नास हजारांत मिळते. राहायला येणाऱ्या माणसाला पैसे देण्यापर्यंत काही ठिकाणी मजल गेली आहे. कॅन्सस राज्याने २०११ मध्ये ठरावीक ग्रामीण भागांत बाहेरून येणाऱ्यांना शैक्षणिक कर्जफेडीसाठी पाच वर्षांत १५ हजार डॉलरपर्यंत मदत देण्याची योजना सुरू केली, यावरून तिथे माणसांची किती निकड आहे ते कळते.

अशा घराचे भाडे हाती येते तेवढ्यात मालमत्ता कर, विमा, छप्पर, गोठून फुटलेली नळजोडणी आणि भाडेकरूविना रिकामे गेलेले महिने ते खाऊन जातात. रिकाम्या घराचा विमाही वेगळा आणि महाग असतो. पुतण्याला तिथे स्वतः राहायचे असेल आणि नोकरी पक्की असेल तर त्याने एक चांगले घर जरूर घ्यावे. त्यात आपल्या पैशाची गरज त्याला पडणार नाही.

पत्र तिसरे

*मी मूळची नांदेडची. माझे पती डॉक्टर असून न्यूयॉर्कमध्ये जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर त्यांचे प्रशिक्षण संपत आले आहे. नेब्रास्कातील सात हजार वस्तीच्या गावातील रुग्णालयाने त्यांना तीन वर्षांचा करार देऊ केला आहे. पगार चांगला आहे, घरे स्वस्त आहेत, आणि न्यूयॉर्कमध्ये आमचा निम्मा पगार भाड्यात जातो. मी सध्या हिशेबनीस म्हणून नोकरी करते. चार वर्षांची मुलगी आहे. मला एकटेपणाची आणि मुलीच्या मराठीची भीती वाटते. आम्ही जावे काय?*
— एक वाचक, न्यूयॉर्क

ताई, आपल्या पतींसाठी हा मार्ग चांगला आहे आणि मोकळा आहे. जे-१ वरील डॉक्टरांना प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी जाण्याची अट असते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ सेवा केल्यास ती माफ होते. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही योजना १९९४ पासून आहे आणि प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा मिळतात. मिडवेस्टमधील अनेक लहान गावांत लोकांना तपासणारा डॉक्टर भारतीय असतो, त्यामागे ही योजना आहे. गावाला त्याची गरज असते, म्हणून त्याला मानही मिळतो.

मला काळजी आपल्या नोकरीची वाटते आणि आपल्या पत्रात तिचा उल्लेख ओझरता आला आहे. आज आपण बहुधा जे-२ या, जे-१ धारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावरील कामाच्या परवान्यावर काम करीत आहात. पती या योजनेखाली एच-१बीवर गेले की आपण एच-४ वर जाल आणि तो परवाना संपेल. एच-४ वर कामाचा परवाना मिळतो तो साधारणपणे पतींचा आय-१४० मंजूर झाल्यानंतर. म्हणजे अनोळखी गाव, हिवाळा, लहान मूल आणि हाताला काम नाही, अशा स्थितीत आपली पहिली एक-दोन वर्षे जाऊ शकतात. मी त्या भागात पाहिलेल्या डॉक्टरांच्या संसारांत जे कोलमडले त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच होते. डॉक्टर दिवसभर माणसांत असतो आणि त्याची शिकलेली बायको घरात एकटी असते. सात हजारांच्या गावात तिला मन मोकळे करायला कोणी मिळेपर्यंत वर्ष निघून जाते.

याला उपाय आहे आणि तो करारावर सही होण्यापूर्वीच करता येतो. रुग्णालयाला डॉक्टर हवा आहे, त्यामुळे आता आपले म्हणणे ऐकले जाईल. ग्रीन कार्डाची प्रक्रिया पहिल्या वर्षातच सुरू करण्याचे आणि तिचा खर्च उचलण्याचे कलम करारात घालून घ्यावे. टंचाईच्या भागात एकूण पाच वर्षे सेवा देण्याची तयारी असेल तर राष्ट्रीय हिताच्या आधारे डॉक्टरांना आय-१४० अर्ज स्वतः करता येतो, त्याविषयीही वकिलाला विचारावे. आय-१४० जितका लवकर मंजूर होईल तितक्या लवकर आपल्याला काम करता येईल. मधल्या काळात हिशेबनीसाची परीक्षा देण्याचा विचार करावा, अभ्यासाला परवाना लागत नाही. शेतीचा हिशेब आणि कर समजणारा हिशेबनीस तिथे दुर्मिळ असतो, त्यामुळे परवाना आल्यावर काम आपल्याला शोधत येईल.

एकटेपणाबद्दल खरे ते सांगते. गावातील माणसे प्रेमळ असतात, पहिल्या आठवड्यात कोणीतरी घरी केलेला केक घेऊन दारात येईल. परंतु तिथले सामाजिक जीवन चर्च, शाळेचे सामने आणि वाचनालय यांच्याभोवती असते. चर्चमधील जेवणाला जाण्यात धर्माचा प्रश्न आणू नये, शाकाहारी असल्याचे आधी सांगावे आणि आपला एक पदार्थ घेऊन जावे. वाचनालयात लहान मुलांच्या गोष्टींचा तास असतो, मुलीच्या निमित्ताने आपल्याला पहिल्या मैत्रिणी तिथेच मिळतील. मंदिरासाठी आणि किराण्यासाठी ओमाहाला जावे लागेल, त्याचा महिन्यातील एक शनिवार ठरवून ठेवावा. ओमाहाच्या पुढे आयोवातील मॅड्रिड या छोट्या गावाजवळही हिंदू मंदिर आहे आणि सणाला तिथे दूरदूरची मंडळी येतात.

मुलीची मराठी घरात टिकते, शाळा त्याला जोड देते. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उत्तर अमेरिकेत काम करीत आहे आणि त्याच्या मराठी शाळांचा ठरलेला अभ्यासक्रम आहे. जवळ शाळा नसेल तर संगणकावरून चालणाऱ्या वर्गात तिला घालावे. नांदेडच्या आजी-आजोबांशी रोज ठरलेल्या वेळी बोलणे व्हावे. नेब्रास्कातील सकाळी सात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा, ही वेळ दोन्ही घरांना सोयीची आहे. वेळा मोजताना मात्र नेब्रास्काच्या पश्चिम भागातील घड्याळ एक तास मागे असते, हे पाहून घ्यावे.

आता जावे काय, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, पण घर विकत न घेता. तीन वर्षांचा करार आहे, पहिली दोन वर्षे भाड्याने राहावे. रुग्णालये डॉक्टरला निवडण्यापूर्वी त्याला पत्नीसह गाव पाहण्यासाठी स्वतःच्या खर्चाने बोलावतात. ती भेट जानेवारी किंवा फेब्रुवारीत मागून घ्यावी. पती रुग्णालय पाहत असतील तेव्हा आपण शाळा, वाचनालय आणि किराणा दुकान पाहावे आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या परदेशी डॉक्टरच्या पत्नीशी एकांतात तासभर बोलावे. ती जे सांगेल ते रुग्णालयाच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते. आणखी एक विचारून ठेवावे, त्या रुग्णालयात प्रसूती विभाग चालू आहे की बंद झाला आहे. ग्रामीण भागात तसे अनेक विभाग बंद झाले आहेत, आणि दुसऱ्या मुलाचा विचार आपल्या मनात असेल तर सर्वांत जवळचा चालू विभाग किती मैलांवर आहे ते कळल्याशिवाय करारावर सही होऊ देऊ नये.